विशेष शिक्षक व्हायचे आहे? मग आधी कागद तपासा!

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. पोरगी पास झाली, आता पुढे काय? कोणी म्हणते नर्सिंगला घाला, कोणी म्हणते डी.एड. करू द्या, कोणी म्हणते बी.ए.ला नाव घाला आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणून द्या. या चर्चेत एक नाव सहसा येत नाही. ते म्हणजे विशेष शिक्षकाचे. ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्यांची बुद्धी वयाच्या मानाने मागे राहिली आहे किंवा जी स्वमग्न आहेत, अशा मुलांना शिकवणारा तो विशेष शिक्षक. हा शब्द परतूरसारख्या तालुक्याच्या गावी आता बऱ्याच जणांच्या कानावर आलेला आहे. पण विशेष शिक्षक होतात कसे, कोणती पदवी लागते, किती टक्के लागतात आणि कुठे फसगत होते, हे नेमके ठाऊक असणारे फार थोडे. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, हे पान आम्ही या विषयासाठी राखले आहे.

परतूरचेच नाव घेण्याचे कारण आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके. शेत नसलेल्यांना शेतमजुरी, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतले काम, नाहीतर दसरा-दिवाळीनंतर उसाचा फड. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोचा एक कोयता आणि मागे घरी म्हातारी व लेकरे. अशा घरातून एखादी मुलगी शिकते तेव्हा तिच्या शिक्षणातला प्रत्येक रुपया हजेरीचा असतो. चुकीच्या अभ्यासक्रमात दोन वर्षे गेली तर नुसती दोन वर्षे जात नाहीत. घरातल्या धाकट्या भावंडांचीही पाळी निघून जाते. शहरातल्या नोकरदार घराला अशी चूक पचते, आपल्याला ती पचत नाही.

हे शिक्षक हवेत कशाला?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. ही झाली कागदावरची नोंद. घराच्या आतल्या खोलीत बसवून ठेवलेले, पाहुणे आले की मागच्या दाराने शेजारी पाठवलेले लेकरू नोंदीत येतेच असे नाही. आई-बाप फडावर गेले की असे लेकरू आजीजवळ राहते. आजी त्याला खाऊ-पिऊ घालते, माया करते, पण बोलायला शिकवू शकत नाही. त्यात तिचा काय दोष? ते काम शिकलेल्या माणसाचे आहे.

ऐकू न येणाऱ्या मुलाचेच घ्या. मूल मुके असते म्हणून बोलत नाही, असा आपल्याकडे समज आहे. बहुतेक वेळा ते बोलत नाही कारण त्याने शब्द कधी ऐकलेलाच नसतो. पहिल्या चार-पाच वर्षांत त्याला यंत्राने आवाज मिळाला किंवा खुणांची भाषा मिळाली तर ते शिकते. नाही मिळाली तर त्याच्या मनात विचारांना धरायला शब्दच राहत नाहीत. मग दहा वर्षांचे होईपर्यंत वाट पाहून, अंगारे-धुपारे करून शेवटी शाळेत आणलेल्या मुलाला शिकवणे कितीतरी कठीण होते. त्या पहिल्या वर्षांत जवळपास कोणी जाणता शिक्षक असेल तर एक आयुष्य वाचते.

आता कायद्याचे पाहा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकारचे अपंगत्व धरले होते. २०१६ साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला आणि प्रकार २१ झाले. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात दिला आहे. ते मूल जवळच्या साध्या शाळेतही जाऊ शकते, विशेष शाळेतही जाऊ शकते. साध्या शाळेत त्याला नाकारता येत नाही. पण नुसते पटावर नाव घेतले म्हणजे शिक्षण झाले काय? शेवटच्या बाकावर बसवलेल्या, खिचडी खाऊन घरी परतणाऱ्या मुलाचा हक्क कोणत्या रकान्यात भरायचा? म्हणूनच २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना पदे मंजूर करून जाहिरात काढण्यास बजावले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला एक या हिशेबाने ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे काम आहे आणि त्या कामाला कायद्याचा आधारही आहे.

डिग्रीची अट कशासाठी?

काही जण विचारतील, माया असली म्हणजे पुरे, डिग्री कशाला? जगात या कामाची सर्वांत मोठी मास्तरीण समजली जाते ती ॲन सलिव्हन. अमेरिकेतल्या गरीब, पोट भरायला आलेल्या घरातली ही मुलगी. लहानपणी डोळे गेले, आई वारली आणि पोरीची रवानगी सरकारी अनाथालयात झाली. १४ व्या वर्षी तिला अंधांच्या शाळेत प्रवेश मिळाला, शस्त्रक्रियेनंतर थोडे दिसू लागले आणि २० वर्षांची असताना, मार्च १८८७ मध्ये, ती हेलन केलरला शिकवायला गेली. हेलनला ना दिसत होते, ना ऐकू येत होते. महिन्याभरात पाण्याच्या पंपाखाली तिचा हात धरून ॲनने तळहातावर अक्षरे काढली आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला उमगले. पुढे हीच हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेली. ॲनकडे विद्यापीठाची पदवी नव्हती हे खरे. पण ती सहा वर्षे अंधांच्या शाळेत काढून आली होती, आणि हेलनच्या घरी जाण्याआधी तिने कित्येक महिने त्या शाळेतले आधीच्या शिक्षकांचे टिपण वाचून काढले होते. ती नुसती माया घेऊन गेली नव्हती.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. साध्या शाळेत मास्तर शिकवत नसतील तर मूल घरी येऊन सांगते. ज्याला बोलता येत नाही, ज्याला काय चालले आहे ते समजत नाही, ते मूल कोणाकडे तक्रार करील? त्याच्या वतीने कोणीतरी आधीच तपासणी करून ठेवली पाहिजे. ती तपासणी म्हणजेच ही पदवी आणि तिच्या मागची नोंदणी.

ही नोंदणी करणारी संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, जिला सगळे आर.सी.आय. म्हणतात. १९८६ साली ती स्थापन झाली, १९९२ साली तिच्यासाठी संसदेने कायदा केला आणि जून १९९३ पासून ती कायद्याने चालू लागली. साध्या डी.एड., बी.एड.चा कारभार दुसऱ्या परिषदेकडे आहे. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम मात्र आर.सी.आय.ने मंजूर केलेलेच लागतात. अभ्यासक्रम पुरा झाला की तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालावे लागते आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. नोंदणी कायमची नसते, ठराविक वर्षांनी तिचे नूतनीकरण होते आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षण वर्ग करावे लागतात.

दोन दरवाजे

विशेष शिक्षक होण्याचे मुख्य दरवाजे दोन आहेत.

पहिला बारावीनंतरचा. त्याला विशेष शिक्षणाची पदविका म्हणजे डी.एड. स्पेशल म्हणतात. मुदत दोन वर्षे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, आर्ट्सची चालते, कॉमर्सची चालते. गुण मात्र किमान ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती वगैरेंना शासनाच्या नियमाप्रमाणे सवलत असते, ती साधारणपणे ५ टक्के धरतात. पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवण्यासाठी ही पदविका.

दुसरा दरवाजा पदवीनंतरचा. बी.एड. स्पेशल, मुदत दोन वर्षे, चार सत्रे. कोणत्याही शाखेची पदवी चालते. परतूरमध्येच पदवीचे महाविद्यालय आहे, तेव्हा तिथवर घर सोडावे लागत नाही. बी.एड.साठी ५० टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातील मागासवर्गीयांना ४५. पदवीला गुण कमी पडले आणि नंतर एम.ए.ला ५० टक्के आले, तरी परिषदेच्या नियमात ते धरले जातात. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. राज्याच्या प्रवेशासाठी बी.एड.ची सीईटी द्यावी लागते. साध्या आणि स्पेशल बी.एड.साठी ही परीक्षा एकच आहे. तिच्यात बौद्धिक क्षमता, सामान्यज्ञान आणि शिक्षकी कल यांवर प्रश्न असतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. पुढे एम.एड. स्पेशलही आहे, पण ती पुढची गोष्ट.

आता टक्क्यांविषयी थोडे थांबून बोलू. ‘पास झाली ना, बस्स!’ असे आपण म्हणतो. आमचे सांगणे असे की पास होणे आणि ५० टक्के मिळणे यात एका आयुष्याचे अंतर पडते. बारावीला ४३ टक्के घेऊन पास झालेल्या मुलीला सवलत धरूनही पदविकेचा दरवाजा बंद असतो. तिला दोन वाटा राहतात. एक, बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत परत परीक्षेला बसणे. दोन, पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करून बी.एड.कडे जाणे. दुसरी वाट लांबची आहे, पण मान्य आहे. वाईट तिसरी वाट, म्हणजे ‘टक्क्यांचे आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती पैसे देणे.

आणखी एक. हा अभ्यासक्रम सगळ्या प्रकारच्या मुलांसाठी मिळून एकच नसतो. प्रवेश घेतानाच एक विषय निवडायचा असतो. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता वगैरे. नोंदवहीत तोच विषय नोंदला जातो आणि नोकरीच्या जाहिरातीतही तोच विचारला जातो. कॉलेजात जागा शिल्लक आहे म्हणून कोणताही विषय घेऊ नये. ज्याला खुणांची भाषा आवडते, हातवारे सहज येतात, त्याने श्रवणदोषाकडे जावे. ज्याच्यात अपार सबुरी आहे त्याने बौद्धिक दिव्यांगतेकडे. (जुन्या कागदांत ‘मतिमंद’ हा शब्द आढळेल. २०१६ च्या कायद्यानंतर तो सरकारी भाषेतून गेला, आपणही तो बोलण्यातून काढलेला बरा.)

शिकवतात काय?

परतूरच्या बाजारात कोणाला सांगितले की सदऱ्याचे बटन लावायला शिकवण्याचेही शास्त्र आहे, तर लोक हसतील. पण आहे. आपल्याला बटन लावणे हे एक काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे तुकडे पाडतो. सदऱ्याच्या दोन बाजू जुळवणे, काज शोधणे, चिमटीत बटन धरणे, ते आडवे करून काजात ढकलणे, दुसऱ्या हाताने पलीकडून ओढणे. मग शिकवताना तो शेवटापासून सुरुवात करतो. आधीचे सगळे शिक्षकाने करायचे, मुलाने फक्त शेवटचे ओढायचे. बटन लागले की मुलाला वाटते, मी लावले! दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. असे करत करत एक दिवस ते मूल पूर्ण बटन लावते. भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवून तोंडात घालणे, चपलेचा पट्टा लावणे, दुकानातून मिठाचा पुडा आणून उरलेले पैसे परत आणणे, सगळे याच पद्धतीने. प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा लिहावा लागतो आणि काही महिन्यांनी तो तपासावा लागतो. ज्या आईने दहा वर्षे त्या लेकराला स्वतःच्या हाताने भरवले, तिला हा एक तुकडा किती मोलाचा असतो ते सांगायला नको.

दृष्टिदोषाच्या अभ्यासक्रमात ब्रेल असते. सहा उंच ठिपके, त्यांच्या जुळणीतून सगळी अक्षरे. भारतीय भाषांसाठी १९५१ साली एकच ब्रेल ठरली. मराठीचा ‘अ’ म्हणजे पहिला एक ठिपका, ‘ब’ म्हणजे पहिला आणि दुसरा, ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा. गणितासाठी वेगळी पाटी असते, पांढरी काठी घेऊन चालायचे प्रशिक्षण असते. श्रवणदोषाच्या बाजूला ऐकण्याची तपासणी, यंत्राची निगा, उच्चारांचा सराव आणि भारतीय खुणांची भाषा. परिषदेच्या आराखड्याप्रमाणे बी.एड. स्पेशल सुमारे दोन हजार तासांचे आहे आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष मुलांसोबत जातो. म्हणून ‘घरबसल्या, हजेरीशिवाय’ असे जो सांगतो तो खोटे सांगतो, हे पक्के समजावे.

फसगत कुठे होते?

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यावर पाटी लागते, ‘शासनमान्य विशेष शिक्षक प्रशिक्षण’. चौकशीला गेले की एक प्रमाणपत्र दाखवतात. ते असते संस्थेच्या नोंदणीचे. लक्षात ठेवा, धर्मादाय आयुक्तांकडे कोणीही संस्था नोंदवू शकतो, आपल्या वस्तीतले मंडळही तिथे नोंदलेले असते. संस्था नोंदलेली असणे आणि अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी मान्यता असते, पण दुसऱ्या विषयाची. काही ठिकाणी ती होती, पण मुदत संपली. काही जण म्हणतात, ‘अर्ज दिल्लीला गेला आहे, महिन्यात येईल.’ तो आला नाही तर विद्यार्थ्याला नोंदणी क्रमांक मिळत नाही आणि हाती राहतो नुसता रंगीत कागद.

तपासणे अवघड नाही. आर.सी.आय.च्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची राज्यवार यादी असते. कोणती संस्था, कोणता अभ्यासक्रम, कोणत्या वर्षापर्यंत मान्यता, जागा किती, हे सारे तिथे मिळते. घरातल्या कोणाच्याही मोबाईलवर ते पाहता येते. संस्थेचे नाव अक्षरशः जुळते का ते पाहा. गावाचे नाव पाहा. आपण प्रवेश घेणार ते वर्ष त्यात बसते का ते पाहा. नवीन शैक्षणिक धोरणानंतर बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाकडे वाटचाल सुरू आहे, त्यामुळे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची त्या-त्या वर्षाची मान्यता पाहणे अधिकच गरजेचे झाले आहे. मुक्त विद्यापीठांनीही विशेष बी.एड. चालवलेले आहे. तिथेही हाच नियम. विद्यापीठ सरकारी असले तरी परिषदेची मान्यता वेगळी पाहावी.

आणि पावती! पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. ‘डोनेशन’ म्हणून दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही, म्हणूनच ते पैसे परत मिळत नाहीत.

लांब जायची तयारी असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्था आहेत. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगतेची १९८४ पासून. परतूर स्टेशन मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर असल्यामुळे एकीकडे मुंबई आणि दुसरीकडे सिकंदराबाद, दोन्ही टोके रेल्वेच्या वाटेवरच आहेत. तिथल्या शिक्षणाचे माध्यम कोणते ते मात्र आधी विचारून घ्यावे. पदवीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. जड गेले म्हणून सोडू नये, पण माहीत असावे.

पैसा आणि दाखले

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर शिष्यवृत्तीवर पाणी पडते, हे एजंट कधी सांगत नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-खाण्यासाठी मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, विभागाच्या शहरांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तिची रक्कम ठरलेली आहे. आधीच्या परीक्षेत ५० टक्के गुण हवेत ही तिचीही अट. पाहा, पुन्हा तेच ५० टक्के!

दाखल्यांबाबत आपल्या घरांनी विशेष जागे राहावे. राज्यात नवबौद्धांना सवलती आधीपासून होत्या, केंद्रात त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. त्यामुळे राष्ट्रीय संस्थेत राखीव जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. राज्याच्या बी.एड. प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि परतूरकडच्या लोकांची इथेच अडचण होते. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चाले. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा जमिनीचा कागद उर्दूत असू शकतो, १९८१ पूर्वीचे दप्तर परभणीकडे असू शकते. कागद शोधणे, वाचून घेणे, भाषांतर करून घेणे याला महिने लागतात. म्हणून वैधतेचा अर्ज बारावीच्या वर्षातच महाविद्यालयामार्फत करावा. वडिलांकडे किंवा सख्ख्या चुलत्याकडे वैधता असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

नोकरीचे खरे चित्र

आम्ही गुलाबी चित्र रंगवणार नाही. समग्र शिक्षा योजनेत गटसाधन केंद्रावर बसून गावोगावच्या शाळांना भेटी देणाऱ्या विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर काम केले आहे. अनुदान नसलेल्या विशेष शाळांत पगार वेळेवर होईलच असे नाही. पहिली ते आठवीच्या नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, हीही पार करावी लागते. त्यामुळे पदवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली, असे होत नाही. पण ज्या कामाची पदे कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशाने वाढत चालली आहेत, अशी कामे आज किती उरली आहेत? राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, विशेष शाळांचा कारभार तिकडे आहे. जाहिराती पाहायच्या तर त्या विभागाच्या आणि शालेय शिक्षण विभागाच्या, दोन्हीकडच्या पाहाव्या.

घरातूनही विरोध होतो. पोरगी म्हणते, ‘माय, मला ह्या लेकरांची मास्तरीण व्हायचंय.’ माय म्हणते, ‘अगं, साधी शाळा काय कमी हाय का? असल्या लेकरांच्या मागं जन्म काढशील, सोयरीक कोण करील?’ मायची काळजी खोटी नाही. तिने आयुष्यभर लोकांची बोलणी ऐकली आहेत. तिला एकदा एखाद्या चांगल्या विशेष शाळेत घेऊन जावे, तासभर बसवावे आणि मग काय म्हणते ते विचारावे.

ज्यांना स्वतःला अपंगत्व आहे त्यांनाही हे क्षेत्र बंद नाही. २०१६ च्या कायद्यात उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकरीत किमान ४ टक्के जागा त्यांच्यासाठी आहेत. अंध मुलांना ब्रेल शिकवायला अंध शिक्षकाइतका दुसरा कोण जवळचा? त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आधी काढून ठेवावे.

आता शेवटचे, वेळापत्रकाचे. अलीकडच्या वर्षांत बी.एड. सीईटीचे अर्ज हिवाळ्यात सुरू झाले आणि परीक्षा मार्चच्या सुमारास झाली. पदवीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही अर्ज भरू शकतो. जूनमध्ये निकाल हाती आल्यावर धावपळ करणाऱ्याचे ते वर्ष गेलेले असते. आणि हिवाळ्यात आपले निम्मे आई-बाप कुठे असतात? फडावर. घरी सह्या करायला कोणी नसते, मुलाजवळ फीचे पैसे नसतात, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक बापाच्या पिशवीत कारखान्यावर गेलेले असते. म्हणून गाडी भरायच्या आधी, दसऱ्याच्या आसपासच, जातीचा दाखला, वैधतेची पोच, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका आणि पासबुकाची प्रत एका पिशवीत घालून ती मुलीच्या ताब्यात द्यावी. अर्जाच्या फीचे पैसे उचल घेतली त्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत. उत्पन्नाचा दाखला मात्र प्रवेशाच्या वर्षाचा लागतो, तो आई-बाप एप्रिलमध्ये परतल्यावर तहसीलमधून काढता येतो.